नार्व्याचा सप्तकोटेश्वर

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली, की प्रवासी दिवाडी बेटावर उतरतो. तेथील खाजन शेतांतून वाट काढीत बेटाच्या पलीकडच्या टोकास पोहोचावे आणि पुन्हा एकदा फेरीबोटीत पाऊल ठेवावे, म्हणजे डिचोली महालातील नार्वे गाव येते. सप्तकोटेश्वराच्या दर्शनास जाण्याचे याहून सोपे मार्ग आहेत. परंतु आम्ही मुद्दाम हाच मार्ग धरला. कारण पुढे सांगावयाच्या इतिहासात देवानेही हीच नदी, याच दिशेने ओलांडली आहे.

देवळाच्या अंगणात पोहोचलो तेव्हा आमच्यासारखेच आलेले एक प्रवासी कुटुंब परत निघाले होते. त्यांतील एका तरुणाने क्षणभर मागे वळून पाहिले आणि सोबतच्यांना विचारले, "इतलेंच?" त्या प्रश्नात उपहास नव्हता, निराशा होती, आणि ती अगदीच निष्कारण होती असेही आम्हांस म्हणवत नाही. कौलारू उतरती छपरे, अष्टकोनी बैठकीवर बसविलेला बुटका घुमट, समोर दीपस्तंभ आणि सभोवार दाट झाडी, एवढाच येथला पसारा. वेरूळचे कैलास किंवा हंपीचे विठ्ठल मंदिर डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याच्या पदरी येथे थोडेसे नैराश्य पडणारच. तथापि काही वास्तू डोळ्यांनी पाहावयाच्या असतात आणि काही स्मरणाने. नार्व्याचे देऊळ दुसऱ्या प्रकारचे आहे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. अकराव्या शतकात या घराण्याची राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, जुवारीकाठच्या गोपकपट्टणास आली आणि समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापाराने हे राज्य समृद्ध झाले. या राजांनी आपल्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाची आकृती कोरविली आणि तिच्यासोबत सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा निर्देश केला. ज्या देवाच्या नावाने नाणे चालते, तो देव केवळ राजवाड्याच्या देवघरातला राहत नाही. बंदरातील व्यापाऱ्याच्या कनवटीसही तो असतो. या घराण्याची सत्ता सह्याद्रीच्या वरही पसरली होती. बेळगाव जिल्ह्यातील देगावचे कमलनारायणाचे सुंदर मंदिर बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त पेर्माडी याची राणी कमलादेवी हिने उभारविले. आमच्या सीमाभागातील वाचकांनी ते पाहिले असेल. देगाव आणि नार्वे ही एकाच घराण्याच्या भक्तीची घाटावरील आणि घाटाखालील ठिकाणे होत.

कदंबांचे मूळ सप्तकोटेश्वर मंदिर मात्र दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत त्याचा विध्वंस झाला. पुढे विजयनगरच्या सैन्याने गोवा जिंकला, आणि त्या शतकाच्या अखेरीस विजयनगरचा अधिकारी माधवमंत्री याने देवाची पुनःस्थापना केली. म्हणजे 'जीर्णोद्धार' हा शब्द या देवाच्या चरित्रात शिवकालाच्याही पूर्वी एकदा येऊन गेला आहे.

दुसरा आघात सोळाव्या शतकाच्या मध्यास झाला. तिसवाडीतील देवळे पाडण्याचे सत्र १५४० पासून सुरू झाले आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. या लाटेत दिवाडीचे मंदिरही गेले आणि त्या जागी एक चॅपेल उभे राहिले. देवळाचे लिंग एका विहिरीवर रहाटाच्या कामी लावले गेले होते, आणि भक्तांनी ते गुप्तपणे तेथून काढून नदीपार आणले, असे परंपरा सांगते. नदीपलीकडे डिचोलीत त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. तेथे देवाची स्थापना झाली, आणि ज्या ठिकाणाहून देव आला त्याचे नार्वे हे नावही देवामागोमाग नदी ओलांडून आले, असे सांगतात. ज्यांनी ते लिंग उचलून नावेत घातले, त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. रात्रीच्या काळोखात वल्ही मारणाऱ्या माणसांस नाव मागे ठेवण्याची सवड नसते.

येथवरची कथा गोव्यातील अनेक दैवतांची आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. या स्थलांतरित देवांच्या आश्रयाने अंत्रुज महाल देवभूमी झाला. सप्तकोटेश्वराचे वेगळेपण यापुढे आहे.

१६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजा बारदेशात शिरल्या होत्या. त्यानंतर एक वर्षाने, १६६८ च्या नोव्हेंबरात, महाराजांच्या आज्ञेने नार्व्याच्या देवळाच्या कामास प्रारंभ झाला. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. आम्ही त्याच्यापुढे बराच वेळ उभे होतो. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी. श्रीशिवाजींच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ. एवढाच त्याचा आशय आहे. बिरुदावली नाही, पराक्रमाचे वर्णन नाही, ज्यांनी मूळ देऊळ पाडले त्यांचे नावही नाही. राज्याभिषेकास अजून सहा वर्षे अवकाश होता. ज्या पुरुषाने नदीच्या एका तीरावर उभे राहून दुसऱ्या तीरावरील सत्तेस आव्हान दिले, त्याने दगडावर कोरावयास निवडले ते फक्त कामाचा प्रारंभ सांगणारे शब्द. विध्वंसाचे उत्तर विध्वंसाने न देता बांधकामाने द्यावे, हा विचार त्या लेखात कोठेही लिहिलेला नाही. परंतु तो लेख वाचून दुसरा कोणता विचार मनात येईल, हे आम्हांस कळत नाही.

गाभाऱ्यातील लिंग धारालिंग आहे. त्याच्या अंगावर उभे पैलू आहेत. मघाची रहाटाची परंपरा ठाऊक असलेला मनुष्य त्या पैलूंकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहतो. जे एकदा मोडले, एकदा रहाटास जुंपले गेले असे सांगतात, एकदा नावेतून चोरून आणले गेले, ते आज समईच्या प्रकाशात शांतपणे अभिषेक घेत असते.

देवळाच्या रूपाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. घुमटाची ठेवण मुसलमानी वास्तूंची आठवण देते, मंडपावर युरोपीय वळणाची छाया आहे आणि छप्पर अस्सल कोकणी कौलांचे आहे. ज्यांच्याशी लढावे लागले त्यांच्याही कलेतील जे चांगले दिसले, ते येथल्या कारागिरांनी बिनदिक्कत उचलले आणि आपल्या देवाच्या माथ्यावर ठेवले. असे बांधणारा समाज भ्यालेला नव्हता. अलीकडे राज्य शासनाच्या पुरातत्त्व खात्याने या वास्तूचा जीर्णोद्धार केला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुले झाले. त्यात जुने रूप राखले गेले, ही समाधानाची गोष्ट होय. गोव्यात कित्येक जुनी देवळे भाविकांच्याच उत्साहापायी पाडली जाऊन त्यांच्या जागी सिमेंटची शिखरे उभी राहिली आहेत. परक्यांच्या हातून जे वाचले, ते आपल्या भक्तीच्या हातून नष्ट व्हावे, यापरते दुर्दैव ते कोणते?

परतताना आम्ही पुन्हा दिवाडीवर उतरलो आणि कोटीतीर्थाच्या अवशेषांकडे गेलो. मूळ देवळाच्या तळ्याच्या पायऱ्या आणि त्यांतील कोनाडे अजून दिसतात. कोनाड्यांत आता मूर्ती नाहीत. त्याच बेटावर ख्रिस्ती बांधवांची घरे आणि चर्चची घंटा आहे. त्यांचे पूर्वज आणि नदीपार गेलेल्यांचे पूर्वज एकाच गावचे, एकच भाषा बोलणारे होते. कोणी देव घेऊन निघाला, कोणी घरात राहिला. दोघांच्याही वाट्यास काहीतरी गमावणे आलेच. आज गोकुळाष्टमीस नार्व्याच्या पंचगंगातीर्थी स्नानासाठी लोक जमतात, तेव्हा त्यांच्या समोर नदीपलीकडे तेच बेट असते.

देऊळ पाहावयास येणाऱ्या प्रवाशाने भाविक असलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. पायांतील वहाणा बाहेर ठेवाव्या, आवाज खाली ठेवावा आणि छायाचित्र काढण्यापूर्वी दारावरील शिलालेख एकदा वाचावा, एवढी विनंती मात्र आहे. "इतलेंच?" असे विचारणाऱ्या त्या तरुणास आम्ही तेव्हा काही बोललो नाही. आज उत्तर द्यावयाचे तर म्हणू : होय, इतकेच; परंतु हे इतके टिकविण्यास किमान सहा शतके लागली.