धरण आलं, पोहणं राहिलं

आज गोष्ट पाण्याची आहे, पण हंड्यातल्या पाण्याची नाही. ज्या पाण्यात आपण चाळिशीनंतर पहिल्यांदा डोकं बुडवलं, त्या पाण्याची.

आपल्या भोर-वेल्ह्याच्या नद्या वेळवंडी, नीरा, कानंदी, अंबी, मोशी. धरणं नव्हती तेव्हा या नद्या पावसाळ्यात दुथडी भरायच्या आणि उन्हाळ्यात घोट्याएवढ्या व्हायच्या. बायांना उतार कुठे, डोह कुठे हे पाठ असायचं. डोहाकडे जायचंच नाही, मग पोहायला कशाला शिकायचं? पोरं मात्र विहिरीत शिकायची. कुणाच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, कुणाच्या कमरेला सुके भोपळे, नंतर डालड्याचे रिकामे डबे. बरोबरीची पोरगी काठावर कपडे सांभाळत बसायची. एखादी भावांबरोबर शिकली तरी दहा-बारा वर्षांची झाली की तिला घरात बोलावणं यायचं.

मग धरणं आली. वेळवंडीवर ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात एक धरण बांधलं होतं, ते पुरेना, म्हणून भाटघरला मोठं बांधलं. लॉईड धरण म्हणायचे त्याला. ते १९२८ साली पुरं झालं. साठा तेवीस टीएमसीच्या वर. पाणी कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेलं. वेल्ह्यात अंबीवर पानशेत आणि मोशीवर वरसगाव झालं, त्यांचं पाणी पुण्याच्या नळाला. पुढे भोरमध्ये नीरा-देवघर, वेल्ह्यात गुंजवणी. जमिनी गेल्या, गावं वर सरकली, हे आपण जाणतोच. पण आणखी एक गोष्ट गेली, ती कुणी मोजली नाही. आजीला पाठ असलेले उतार आणि डोह पाण्याखाली गेले. घोट्याएवढ्या नदीच्या जागी दाराशी पुरुषभर पाणी आलं, आणि आपली पोहण्याची पाटी कोरीच राहिली.

धरणाचा काठ फसवा असतो. या पाण्याखाली आपलीच जुनी भातखाचरं आहेत, पायऱ्यापायऱ्यांची. एका पावलाला कमरेएवढं पाणी, बांध संपला की पुढच्या पावलाला डोक्यावरून. वर गाळ, पाय रुततो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वेळवंड खोऱ्यात कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा कळतं खाली किती काय आहे ते. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात नऱ्हे गावाजवळ पाच तरुण मुली-बाया बुडाल्या. ती बातमी ऐकली त्या रात्री आमच्यापैकी कुणाला नीट झोप लागली नाही.

बायांना पोहणं जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला आपल्या देशाकडून डॉली नझीर आणि आरती साहा पोहल्या. आरती साहांनी २९ सप्टेंबर १९५९ला इंग्लिश खाडी पार केली, आशियातली पहिली बाई. तेव्हा इकडे पानशेतचं काम चालू होतं. ते धरण १२ जुलै १९६१ला फुटलं, पुणं वाहून निघालं. असो.

आम्ही सात जणी शिकलो त्या आमच्यातल्या एकीच्या शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत, छातीभर पाणी असताना. धरणात शिकायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. शहरातल्या एका तलावावर बायांची वेळ विचारली, ती नेमकी भांगलणीची वेळ निघाली. शिकवायला होत्या आमच्यातलीच्या आत्या, वय पासष्ट, लहानपणी भावांबरोबर चोरून शिकलेल्या. अंगावर सलवार-कुडता, कमरेला दोर, दोर धरायला काठावर दोघी.

पहिल्या दिवशी काही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला हात वर होईना. मान आखडली, मांड्या आतून ठणकल्या. दोघी घाबरून घरी बसल्या. आत्या म्हणाल्या, "अगं, लावणीच्या पहिल्या दोन दिवसांत कंबर मोडत नाही का? म्हणून कुणी तरवा टाकून घरी जातं का?" खरंच तसंच असतं. न वापरलेल्या स्नायूंवर नवा ताण आला की त्यांचे बारीक धागे दुखावतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका वाढतो आणि मग आपोआप उतरतो. स्नायू पुन्हा भरताना जास्त बळकट होतात. आम्ही एक दिवसाआड पाण्यात उतरू लागलो. मधल्या दिवशी चालणं, अंघोळीला कोमट पाणी, पोटभर जेवण, झोप. आणि पाणी पिणं. पाण्यात राहूनही घाम येतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मानेचं दुखणं वेगळं निघालं. तोंड पाण्याबाहेर ठेवायची आमची धडपड, त्यामुळे मान ताठ आणि पाय खाली. "मान सोड पाण्यात, पाणी धरतंय तुला," असं आत्या महिनाभर ओरडत होत्या. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायला जमलं त्या दिवसापासून मान दुखायची थांबली. पोटरीत वांब आला तर घाबरायचं नाही, उताणं व्हायचं आणि पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. खांद्याच्या सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, हाताला मुंग्या आल्या किंवा आठवडा झाला तरी दुखणं हटेना, तर मात्र पोहणं बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. आमच्यातली एक अशीच तीन आठवडे काठावर बसली, आता परत उतरली आहे.

चार जणी विहिरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जातात. बाकीच्यांना उताणं तरंगता येतं. धरणात उडी मारून कुणाला वाचवण्याएवढं हे नाही, आणि ते आम्ही एकमेकींना रोज बजावतो. बुडणारा माणूस मिठी मारतो, दोघंही जातात. तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टरै इथे ऑगस्ट २०२०मध्ये चार पोरं धरणाच्या पाण्यात बुडत होती, तेव्हा तीन बायांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघं वाचली.

आम्हीही जुनं नऊवारी लुगडं घेऊन विहिरीवर गेलो. पहिल्यांदा फेकलं ते हातभरावर गोळा होऊन पडलं. मग टोकाला अर्धी भरलेली पाण्याची बाटली बांधली. तेव्हा ते पार पलीकडच्या पायरीपर्यंत गेलं.