समुद्र नसलेल्या मुलखातून : मस्य युलो, सुदामा आणि वऱ्हाडी हसू

झाक ताती या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले व्हाकाँस द मस्य युलो’ (म्हणजे ‘युलोमहाशयांची सुटी’) हा चित्रपट १९५३ साली प्रदर्शित झाला. त्याची सुरुवात एका रेल्वे फलाटावर होते. सुटीला निघालेली माणसे सामानसुमान, पोरेबाळे घेऊन उभी आहेत. ध्वनिक्षेपकातून काहीतरी घोषणा होते. तिच्यातला एकही शब्द कळत नाही. गर्दी भुयारी वाटेने पलीकडच्या फलाटावर धावते, आणि गाडी येते ती भलत्याच फलाटावर. पुन्हा घोषणा, पुन्हा धावपळ.

अमरावतीला साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही हा चित्रपट ठेवला, तेव्हा पहिला मोठा हशा याच दृश्याला आला. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. वऱ्हाडातून मुंबईचा किनारा पाचसहाशे किलोमीटरवर; उन्हाळ्यात हवा बदलायला जायचे तर आमचा माणूस चिखलदऱ्याचा घाट चढतो. पण बडनेऱ्याला मेल पकडण्यासाठी जो एकदा उभा राहिला आहे, किंवा मूर्तिजापूरला शकुंतला चालू असताना तिची वाट पाहत ज्याने दुपार काढली आहे, त्याला त्या फ्रेंच फलाटाचे भाषांतर करून सांगावे लागत नाही.

चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यात कोनी काही धड बोलतच नाई, मंग आपल्याले हासू काहून येते?” आणि आम्ही उत्तर जुळवत असतानाच त्याने दुसरे वाक्य टाकले : “आपल्याकडं तं वऱ्हाडी मानूस पडद्यावर आला का लोकं त्याच्या बोलन्यालेच हासतात.” प्रस्तुत लेख हा त्या दोन वाक्यांना दिलेले, काहीसे उशिराचे उत्तर आहे.

१

प्रथम चित्रपटाच्या काळाकडे पाहू. फ्रान्समध्ये १९३६ साली ‘पॉप्युलर फ्रंट’च्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी सुटी देणारा कायदा केला. तोवर समुद्रकिनारा हा प्रामुख्याने सधन वर्गाच्या आरोग्याचा आणि विलासाचा प्रांत होता. त्या प्रांतात शिष्टाचार किती आणि विषमता किती हे झाँ व्हिगोने नीस शहरावरच्या आपल्या छोट्या उपरोधिक माहितीपटात १९३० सालीच दाखविले होते. १९३६ नंतर सर्वसामान्य कुटुंबेही किनाऱ्याकडे निघाली. मग महायुद्ध आले. तातीने चित्रीकरणासाठी निवडलेले सँ-मार्क-स्यूर-मेर हे खेडे सँ-नाझेर नगराच्या हद्दीत येते. सँ-नाझेरला जर्मनांचा पाणबुड्यांचा मोठा तळ होता. दोस्तांच्या बाँबफेकीत ते शहर जवळजवळ नामशेष झाले, आणि तिथल्या वेढलेल्या जर्मन सैन्याने शस्त्रे ठेवली ती ११ मे १९४५ला, म्हणजे युरोपातले युद्ध संपल्यावर तीन दिवसांनी.

चित्रीकरण सुरू झाले १९५१मध्ये. शेजारचे शहर अद्याप पुन्हा उभे राहत होते. चित्रपटात मात्र युद्धाचे नाव नाही, पडझड नाही. पण हा इतिहास ठाऊक असला की पडद्यावरच्या माणसांचे हसू निराळे दिसू लागते. ही माणसे सुटी कशी घ्यावी हे नव्याने शिकत आहेत आणि शिकताना घरचे ओझे बरोबर घेऊन आली आहेत. एका व्यापाऱ्याला पाण्याच्या काठावरून सारखे दूरध्वनीवर बोलावले जाते. एक तरुण विचारवंत वाळूतही राजकारणावर व्याख्यान झोडतो. एक वृद्ध जोडपे रोज फिरते. बाई हौसेने शिंपले उचलून नवऱ्याच्या हाती देते, आणि तो मागच्या मागे ते फेकून देतो. कारखान्याची घंटा नसली तरी हॉटेलात जेवणाची घंटा आहेच, आणि तिच्या हुकमाने सारे एकदम उठतात.

या शिस्तीत मस्य युलो येतो. खडखडणाऱ्या, १९२४ सालच्या जुनाट आमिलकार मोटारीतून. तो हॉटेलचे दार उघडतो आणि त्याच्यामागून वारा आत शिरतो : कागद उडतात, मिशा हलतात, चहा कपाऐवजी बाजूला पडतो. युलोने खोडी काढलेली नाही. तो अतिशय विनयशील आहे. त्याच्याकडून दार तेवढे उघडे राहिले आहे. तातीच्या विनोदाचा गाभा एवढाच. एका दृश्यात स्मशानभूमीजवळ मोटारीच्या चाकाची नळी ओल्या पानांत लडबडते, आणि लोक तिला पुष्पचक्र समजून आदराने स्वीकारतात; शोकसभेत युलोही हस्तांदोलनाच्या रांगेत उभा. हसू येते ते वस्तूच्या रूपांतराला आणि रिवाजाच्या आंधळेपणाला. मृताची टवाळी तिथे नाही, शोक करणाऱ्यांचीही नाही.

आणि बोलणे? युलो जवळजवळ बोलतच नाही. नोंदवहीपाशी नाव विचारले जाते तेव्हा त्याच्या तोंडात पाइप असतो आणि नाव कळत नाही. शेवटी समोरचा माणूस तो पाइप त्याच्या तोंडातून काढतो, आणि मग नाव उमटते. तातीने चित्रपटाचा बहुतेक ध्वनी मागाहून बसविला. त्यात माणसांचे बोलणे हे भोजनगृहाच्या झुलत्या दाराच्या आवाजाएवढेच महत्त्वाचे, कधी त्याहून कमी. शब्द आहेत, पण हशाचा मानकरी शब्द नाही.

२

आता आपल्या बाजूला वळू. फ्रेंच विनोद मराठीला नवा नव्हता, आणि फ्रेंच समुद्रही नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, त्यातल्या सहा चित्रांपैकी एक होते समुद्रस्नानाचे. म्हणजे भारतीय प्रेक्षकाने पडद्यावर पाहिलेल्या पहिल्याच दृश्यांत किनाऱ्यावर मौज करणारी माणसे होती. परंतु मराठीने फ्रेंचांकडून विनोद घेतला तो पडद्यावरून नव्हे, रंगभूमीवरून. आणि तोही इंग्रजीच्या हातून. गो. ब. देवलांचे ‘फाल्गुनराव’, जे पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून १९१६ साली गाजले, ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावर आधारलेले आणि मर्फीचे नाटक मोलिएरच्या प्रहसनावर. अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मागे मोलिएरचाच कंजूष उभा आहे.

या परंपरेतला जो दुवा वऱ्हाडात जोडला गेला तो श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा. नागपूरला १८७१ साली जन्मलेल्या कोल्हटकरांचे शालेय शिक्षण अकोल्याला पूर्ण झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवी आणि पुढे वकिलीची परीक्षा असा क्रम संपवून ते पुन्हा वऱ्हाडातच आले. अकोला, खामगाव, जळगाव-जामोद इथे त्यांनी वकिली केली. मोलिएर आणि शेक्सपिअर वाचलेला हा तरुण ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘मतिविकार’ ही नाटके लिहीत होता, आणि १९०२पासून विनोदी लेखही. त्या लेखांचे पुस्तक ‘सुदाम्याचे पोहे’ १९१०मध्ये निघाले. मराठी विनोदाचे आद्य प्रवर्तक म्हणून ज्यांना आपण अभ्यासक्रमात शिकवितो ते गृहस्थ कापसाच्या गाठी मोजणाऱ्या गावातले वकील होते, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासात तळटीपेपुरती उरते.

सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट पाहिले तर युलोशी त्यांचे नाते जाणवते. तेही सण, लग्न, प्रवास, सभा अशा ठरीव प्रसंगांत जातात आणि रूढीचे पालन इतक्या निष्ठेने करतात की रूढीच उघडी पडते. हे त्रिकूट रूढीवर टीका करीत नाही; ते तिला अक्षरशः पाळते. सुटीचे नियम मनापासून पाळणारा युलो वेगळे काय करतो? दोघांच्याही मागे, कितीही दूरवर, मोलिएर आहे : आपल्या खुळाबद्दल पूर्ण गंभीर असलेला माणूस.

भेद पडतो तो साधनात. कोल्हटकरांचे साधन शब्द : कोटी, कल्पनेची ओढाताण, गंभीर चेहऱ्याने केलेला युक्तिवाद. न्यायालयात अशील, साक्षीदार आणि प्रतिपक्ष यांच्यात दिवस काढणाऱ्याला ते सहजप्राप्त होते, असे म्हणता येईल. गडकऱ्यांनी गुरूकडून हेच शस्त्र घेतले आणि ‘बाळकराम’च्या रूपाने त्याला आणखी धार लावली. १९३२मध्ये मराठी चित्रपट बोलू लागला. लगोलग विनोद रंगभूमीवरून पडद्यावर आला तोही लेखकाच्या हाताला धरून. ‘ब्रह्मचारी’ (१९३८) अत्र्यांच्या लेखणीचा. फ्रान्समध्ये तातीसारखे विनोदी नट मूकाभिनयातून आणि जलशांच्या रंगमंचावरून आले. ताती स्वतः खेळाडूंच्या हालचालींच्या नकला करून नावारूपास आला होता. आमच्याकडे विनोदाची दीक्षा ऐकण्याची झाली, पाहण्याची नव्हे.

३

इथे एक घाई टाळली पाहिजे. शब्दनिष्ठ विनोद हलका आणि मूक विनोद थोर, असा निष्कर्ष फ्रेंच उदाहरणांवरूनही निघत नाही. एरिक रोमेरचा ‘पोलीन आ ला प्लाज’ (१९८३) हाही किनाऱ्यावरच्या सुटीचा चित्रपट. त्यात माणसे अखंड बोलतात, प्रेमाविषयी सिद्धान्त मांडतात, आणि प्रत्येकाचे वागणे त्याच्या बोलण्याला खोटे पाडते. उलट ‘सँ-त्रोपेचा शिपाई’ (१९६४) या लोकप्रिय मालिकेच्या पहिल्या भागात लुई द फ्युनेसचे अंगविक्षेप भरपूर, पण गंमत येते ती वरिष्ठांपुढे वाकणाऱ्या आणि कनिष्ठांवर ओरडणाऱ्या वृत्तीची. तिघांची साधने भिन्न. साम्य एवढेच की कुणी कुठल्या प्रांताचे उच्चार करतो याच्यावर यातल्या कोणाच्याही हशाचा पाया नाही.

मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची तक्रार नेमकी याच जागी बोट ठेवते. ज्या परंपरेत विनोद कानाने ओळखला जातो, तिथे कानाला वेगळी वाटणारी बोली आपोआप विनोदाचे साहित्य होते. “काहून”, “आपल्याले” हे शब्द उच्चारले की पुढे काही गंमत असावीच लागत नाही. आणि यातला इतिहासाचा उपरोध असा की मराठी विनोदाचा पाया वऱ्हाडात बसून घातला गेला, तरी त्याचे गद्य शिष्टसंमत प्रमाण मराठीचेच राहिले. सुदाम्याच्या पोह्यांना वऱ्हाडाचे पाणी लागले, पण बोली लागली नाही. ती साहित्यात आणि पडद्यावर मुख्यतः इतरांच्या करमणुकीसाठी शिरली. आम्ही यात कोल्हटकरांना दोष देत नाही. त्यांच्या काळी लेखकाने आपल्या अंगणातली भाषा छापावी ही कल्पनाच रुजली नव्हती.

पण त्याच काळात, त्याच मुलखात, वऱ्हाडीत हसवणारा एक माणूस गावोगाव हिंडत होता. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची साखळी : साधा प्रश्न, समुदायाचे उत्तर, त्यावर आणखी साधा प्रश्न. चारपाच उत्तरांनंतर आपलेच कर्ज, आपलाच नवस, आपलेच व्यसन आपल्या पुढ्यात उभे राहिलेले श्रोत्यांना दिसे, आणि ते हसत. बोली वऱ्हाडीच, मात्र हशाचा विषय बोली नव्हती. ऐकणाऱ्यांची आणि बोलणाऱ्याची भाषा एकच असल्यामुळे ती जणू अदृश्य होई, आणि दिसत राही ते फक्त वागणे. फाटक्या वेषातला तो पाहुणा गावात येई तेव्हाही दार उघडून वारा आत आल्यासारखेच होत असावे, असे आम्हाला वाटते. तुलना इतकीच, याहून पुढे ती नेऊ नये. युलोला कुणाला सुधारायचे नव्हते, बाबांना होते.

हीच बोली शोकाचाही भार पेलते हे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने १९६०मध्ये सिद्ध केले. कौतिकचे वऱ्हाडी बोलणे वाचताना कुणाला हसू आल्याचे आम्हाला आठवत नाही. तेव्हा बोली हास्यास्पद असते हे म्हणणे टिकत नाही. ती कुणाच्या कानांसाठी वापरली जाते, एवढाच प्रश्न उरतो.

४

म्हणून शिक्षक या नात्याने आमचे म्हणणे थोडक्यात असे. विनोदी उतारा शिकविताना कोटी फोडून दाखविण्याआधी विद्यार्थ्यांना एवढे विचारावे : इथे हसू नेमके कशाला येते, वागण्याला की बोलण्याच्या ढंगाला? बोली काढून तेच वाक्य प्रमाण मराठीत लिहिले तर काही शिल्लक राहते का? ‘सुदाम्याचे पोहे’ या कसोटीला उतरते, गाडगेबाबांचे प्रश्न उतरतात. बरेचसे लोकप्रिय काही उतरत नाही. आणि हे पाहायला शिकविण्यासाठी, जिथे शब्दांचा आधारच काढून घेतला आहे असा समुद्रकाठचा फ्रेंच चित्रपट फार उपयोगी पडतो.

त्या चित्रपटाच्या अखेरीस सुटी संपते. मंडळी एकमेकांचे पत्ते घेतात, निरोप घेतात. युलोकडे मात्र पाठ फिरवितात, कारण त्याने सर्वांची शिस्त बिघडविली आहे. दोघेजण तेवढे आपण होऊन त्याच्याशी बोलतात. एक ती वयस्क इंग्रज बाई. दुसरा, बायकोने दिलेले शिंपले फेकणारा म्हातारा. चित्रपटभर तो मुकाट्याने मागे चालत आला आहे, आणि साऱ्या गमती त्याने पाहिल्या आहेत.

आमचा तो विद्यार्थी जाताना म्हणाला, “सर, तो बुढा आपल्याकडचा वाटते.” या वेळी वर्गात कुणी त्याच्या बोलण्याला हसले नाही. कारण तो म्हणाला ते खरे होते, आणि ते आमच्याआधी त्याने पाहिले होते.