संपर्क कोठे तुटला?



बँकेच्या खिडकीपुढे रांगेत उभे असताना ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते उच्चारले की चौकशी संपते. खिडकीमागचा कारकून बोलणी खातो आणि दोष खरोखर कोठे आहे, हे कोणीच विचारीत नाही. वस्तुतः दूरच्या संगणकाशी असलेला संपर्क कोठे तुटला, हे शोधण्याची एक पद्धत आहे आणि तिला इतिहासही आहे.

२९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी यंत्रासमोर बसला होता. सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात त्याला प्रवेश करावयाचा होता. तेथे बिल ड्यूवॉल होते आणि दोघे टेलिफोनवर बोलत होते. क्लाइनने ‘लॉगिन’ या शब्दाचे पहिले अक्षर धाडले. पोहोचले. दुसरे धाडले. तेही पोहोचले. तिसऱ्याला पलीकडचा संगणक कोलमडला. परंतु दोन अक्षरे पोहोचली होती, अर्थात तार शाबूत होती. दोष पलीकडच्या यंत्रातील कार्यक्रमात होता. सुमारे तासाभरात दुरुस्ती होऊन प्रवेश मिळाला.

पुढे जाळे वाढले. प्रत्येक टोकाला टेलिफोन घेऊन माणूस बसविणे अशक्य झाले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत एक सोय होती : एका संगणकाने हाक मारावी, दुसऱ्याने ओ द्यावी. अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधील एका प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस जाळ्यातील एका विचित्र अडचणीने त्रस्त झाले होते. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांनी एका रात्रीत या सोयीचा उपयोग करणारा छोटा कार्यक्रम लिहिला. पाण्याखालच्या वस्तूंचा ठाव घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून त्याला ‘पिंग’ हे नाव दिले. ओ आली की नाही आणि किती वेळाने आली, एवढेच तो सांगतो.

मात्र ओ आली नाही, म्हणजे पलीकडचा संगणक बंदच आहे असे नव्हे. वाटेत खोळंबा असेल. कित्येक ठिकाणी तर अशा हाकांना मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून वाटही तपासावी लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी ‘ट्रेसरूट’ हा कार्यक्रम लिहिला. संदेशाच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतील प्रत्येक टप्प्यावर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की तेथील यंत्र पाकीट टाकून देते आणि तसे कळविते. जेकबसन यांच्या कार्यक्रमाने आधी १, मग २, मग ३ असे आकडे घालून पाकिटे धाडली. जो टप्पा कळवितो, तेथवर वाट चालू आहे, हे त्यावरून कळू लागले.

याच जेकबसन यांनी त्याआधी एक वेगळेच दुखणे पाहिले होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली येथील प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यामधील संपर्क एकाएकी मंदावला. अंतर अवघे ४०० यार्ड. वेग मात्र सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला! तार तुटली नव्हती. पोच वेळेवर न आल्याने प्रत्येक संगणक तीच पाकिटे पुन्हा पुन्हा धाडीत होता आणि त्यामुळेच वाट अधिक तुंबत होती. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकात एकदम लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. धाडणाऱ्याने सुरुवात थोडक्याने करावी, पोच येईल तसे वाढवावे, पाकीट हरवले की हात आखडता घ्यावा. वर मुकादम कोणी नाही. प्रत्येकाने आपणहून पाळावयाची ही शिस्त आहे. इंटरनेट आजही बव्हंशी तिच्याच आधारावर चालते.

संघटनेचे काम करताना मी हेच शिकलो. अर्जाला उत्तर आले नाही, तर आधी तो कोणत्या टेबलावर थांबला ते पाहावे. तेव्हा यापुढे ‘सर्व्हर डाऊन’ ऐकाल, तेव्हा खिडकीतल्या माणसावर न रागावता एवढेच विचारा : कोठपर्यंत चालू आहे?