वखारीत सोयाबीन ठेवता येतं, मग कापूस का नाही?

पुण्या-मुंबईत घर बदलणारी माणसं सोफा, फ्रिज, पुस्तकांचे खोके महिन्याच्या भाड्याने एका खोलीत ठेवून देतात. कुलूप तुमचं, चावीही तुमची. 'सेल्फ स्टोरेज'चा हा धंदा आता रील्समध्येही दिसतो. तिथे काय ठेवायचं नाही ते ठरलेलं असतं: गॅस सिलिंडर, पेट्रोल, फटाके, नाशवंत वस्तू, जनावरं.

अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळी तालुक्यात हाच प्रश्न दसरा-दिवाळीला पडतो, फक्त सामान वेगळं असतं. बैठकीच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे, आतल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीवर. सगळ्यांचा माल एकाच वेळी मार्केटला जातो आणि भाव पडतो. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, बाजारातला भाव मात्र त्याच्या बराच खाली रेंगाळत होता. थांबायचं ठरवलं तर माल ठेवायचा कुठे?

याचं जुनं उत्तर म्हणजे वखार. गोरवाला समितीने १९५४ मध्ये ग्रामीण कर्जपुरवठ्यावर अहवाल दिला. शेतकऱ्याने सुगीतच माल फुंकू नये म्हणून गोदामं हवीत, असं त्यात म्हटलं होतं. त्यातूनच पुढे १९५७ मध्ये राज्यात वखार महामंडळ उभं राहिलं. त्याशिवाय बाजार समित्यांची आणि खासगी गोदामंही असतात.

चावी तुमच्याकडे नसते

सेल्फ स्टोरेज आणि वखार यांतला हा मोठा फरक. वखारीत तुम्ही खोली घेत नाही, माल सोपवता. वजन होतं, नमुना काढला जातो, ओलावा आणि काडीकचरा बघितला जातो, प्रत ठरते. मग वखार पावती मिळते. त्यावर कुणाचा माल, कोणता, किती, कोणत्या प्रतीचा, हे सगळं लिहिलेलं असतं. महामंडळाच्या गोदामात मालाचा विमाही उतरवलेला असतो.

पोती थेट जमिनीवर ठेवत नाहीत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून अंतर सोडून थप्पी. कीड लागू नये म्हणून थप्पी ताडपत्रीने झाकून धुरी देतात. त्यासाठी वापरतात त्या गोळ्यांमधून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. म्हणूनच मनाला येईल तेव्हा आत जाऊन दोन पोती काढून आणता येत नाहीत. (घरच्या धान्यात या गोळ्या टाकून त्याच खोलीत झोपू नका. यात माणसं दगावली आहेत.)

काय चालतं?

सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, ज्वारी, गहू, मका. म्हणजे वाळलेलं, साफ केलेलं, पोत्यात भरलेलं धान्य. अट एकच, पण तिथेच बहुतेकांची गाडी अडते: ओलावा.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४ मध्ये परतीच्या पावसाने माल भिजला, ओरड झाली आणि केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली. त्यावर भरपूर पोस्ट फिरल्या. खरेदीला मिळालेली ही सूट साठवणुकीच्या कामाची नाही, हे मात्र त्यात कुणी सांगितलं नाही. ओलं धान्य श्वास घेतं, गरम होतं, त्याला बुरशी लागते. सरकारने मर्यादा वाढवली म्हणून बुरशी थांबत नाही.

पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी सोयाबीन ठेवायचं असेल तर आणखी जपावं लागतं. दाण्याचं टरफल पातळ असतं. पोती आपटली किंवा थप्पी सात फुटांच्या वर नेली, की खालच्या पोत्यांतल्या बियाण्याची उगवण कमी होते. विकायचा माल आणि बियाणं वेगळंच ठेवा.

काय चालत नाही?

ओला, भिजलेला, कीड लागलेला माल तर नाहीच. एका कट्ट्यातली कीड सगळ्या थप्पीत पसरते. कांदा आणि संत्रं इथे टिकत नाहीत. कांद्याला हवा खेळणारी चाळ लागते, संत्र्याला शीतगृह. खतं ठेवणारी गोदामं असतात, पण धान्याच्या थप्पीशेजारी खत ठेवत नाहीत. कीटकनाशकांबाबत १९७१ चे नियमच आहेत: अन्नधान्याशी किंवा चाऱ्याशी संपर्क येईल अशी ती साठवता येत नाहीत. फवारणीचे उरलेले डबे घरात धान्याच्या कोठीमागे ठेवणाऱ्यांनाही हे लागू पडतं.

आता वऱ्हाडातला सगळ्यात दुखरा विषय, कापूस. गोदामात कापूस दिसतो, पण गाठींच्या रूपात. सरकी काढून दाबलेली एक गाठ साधारण १७० किलोची. शेतकऱ्याकडे असतो तो सरकीसकट मोकळा कापूस. तो जागा प्रचंड खातो, ठिणगी पडली तर सगळी थप्पी पेटते, आणि ओला असेल तर आतून तापतो. धान्याच्या गोदामात त्याला जागा नाही, आणि ज्या तारण योजनेबद्दल खाली लिहिलंय तिच्या पिकांच्या यादीतही तो नाही. मग तो घरातच राहतो. २०२२-२३ मध्ये भाव वाढेल या आशेने अनेकांनी महिनोन्‌महिने कापूस घरात ठेवला. भाव उतरला आणि घरातल्या लेकराबाळांना अंगाला खाज सुटली ती वेगळीच.

दुसरा रस्ता म्हणजे व्यापाऱ्याकडे माल टाकायचा आणि भाव नंतर फाडायचा. हातात असते एक कच्ची चिठ्ठी. व्यापारी बुडाला की चिठ्ठीवरचा आकडा वसूल करताना नाकीनऊ येतात. ती चिठ्ठी म्हणजे वखार पावती नव्हे. तिच्यावर बँक कर्ज देत नाही आणि मालाला विम्याचं संरक्षण आहे असंही ती सांगत नाही.

पावतीवर पैसे कसे मिळतात?

राज्याचं कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना राबवतं. सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत १८० दिवस. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांतला कमी असेल तो धरतात. योजना शेतकऱ्यांसाठी आहे, व्यापाऱ्याचा माल चालत नाही. म्हणून भाच्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचे कट्टे ठेवण्याची 'मदत' कुणी मागितली तर नाही म्हणा.

हिशेब करून बघू. समजा २० क्विंटल सोयाबीन, भाव ४,००० रुपये. किंमत ८०,००० रुपये, कर्ज ६०,००० रुपये. सहा महिन्यांचं व्याज १,८०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९०. त्यात हमाली, गाडीभाडं आणि वाळून घटणारं वजन धरा. भाव तेवढा तरी वाढला पाहिजे, नाहीतर थांबण्यात तोटा. आणि भाव दरवेळी वाढतोच असं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये १०,००० रुपयांपर्यंत गेलेलं सोयाबीन डोळ्यांसमोर ठेवून पुढची वर्षं थांबलेल्यांना विचारा. माझ्या मते हातउसने आणि दुकानाची उधारी भागवण्यापुरतं कर्ज घेऊन अर्धा माल ठेवणं, हे सगळा माल अडवून बसण्यापेक्षा शहाणपणाचं.

बँकेकडून कर्ज हवं असेल तर गोदाम केंद्राच्या वखार नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का ते आधी विचारा. अशा गोदामाची परक्राम्य पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच मिळते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना अशा पावतीवर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत सवलतीच्या व्याजाचं कर्ज देण्याची तरतूद आहे.

जाताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि सातबारा घ्या. सातबाऱ्यावर यंदाचं पीक नोंदलेलं हवं. ई-पीक पाहणी राहिली असेल तर तिथेच अडतं. आणि गाडी भरण्याआधी गोदामात फोन करून जागा आहे का विचारा, सोबत नमुना नेऊन ओलावाही मोजून घ्या. कट्टे परत आणायचं भाडं कुणी देत नाही.