नालंदेच्या द्वारी ह्युएनत्संग

भगवान महावीरांनी राजगृह व नालंदा परिसरात चौदा चातुर्मास व्यतीत केल्याचे कल्पसूत्रात नमूद आहे. त्यामुळे नालंदा हे नाव जैन वाचकांना परके नाही. त्यानंतर सुमारे बारा शतकांनी, इ. स. ६३७ च्या सुमारास, तेथील बौद्ध महाविहारात चिनी यात्री ह्युएनत्संग प्रथमच आला. त्याचा शिष्य हुइली याने लिहिलेल्या चरित्रात या भेटीचा वृत्तान्त आहे.

छत्रे, पताका, धूप व पुष्पे घेऊन दोनशे भिक्षू आणि सुमारे एक हजार गृहस्थ त्याला सामोरे गेले. विहाराचे अधिपती शीलभद्र तेव्हा १०६ वर्षांचे होते, असे चरित्रकार सांगतो. तीन वर्षांपूर्वी असह्य व्याधीमुळे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवण्याचे ठरविले होते. परंतु चीनहून एक भिक्षू शिकण्यास येईल, त्याच्यासाठी थांबावे, असा दृष्टांत त्यांना झाला. पाहुण्याचा प्रवासही तीन वर्षांचाच निघाला, तेव्हा वृद्ध गुरूंना अश्रू आवरले नाहीत.

त्याच्या शिध्याची नोंद तर एखाद्या पेढीच्या खातेवहीत शोभावी अशी आहे. रोज १२० जंबीर फळे, २० सुपाऱ्या, २० जायफळे, थोडा कापूर आणि टपोरा, सुगंधी महाशाली तांदूळ. हा तांदूळ केवळ मगधात पिकत असे. विहाराला राजाने शंभर गावांचे उत्पन्न तोडून दिले होते. तेथील दोनशे कुटुंबे नित्य तांदूळ, तूप व दूध पोहोचवीत. पंडितांची नावे इतिहासात राहिली, त्या दोनशे घरांपैकी एकाचेही राहिले नाही. प्रवेश मात्र कठीण. द्वारावरील प्रश्नोत्तरांत दहांपैकी सात-आठ जण परत फिरत.

सुमारे पाच वर्षांच्या अध्ययनानंतर त्याला मायदेशाची ओढ लागली. गोळा केलेले ग्रंथ आणि मूर्ती एवढ्या दूर नेता येतील का, ही चिंता होती. अशा वेळी वज्र नावाचे एक निर्ग्रंथ अकस्मात त्याच्या कक्षात आले. निर्ग्रंथ निमित्तशास्त्रात निपुण असतात, हे त्याने ऐकले होते. बौद्ध विहारात त्याने त्यांना आदराने आसन दिले. वज्रांनी पांढऱ्या खड्याने भूमीवर आकृती रेखिली आणि सांगितले, की हर्षवर्धन आणि कामरूपाचा कुमारराजा त्याच्या प्रवासाची व्यवस्था करतील. मतभेद असलेल्या दोन संप्रदायांचा हा विश्वास आजही लक्षात घेण्याजोगा आहे.

पुढे हर्षाने हत्ती व द्रव्य दिले. तरीही सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नास हस्तलिखिते वाहून गेली. इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन तो चांगआनला पोहोचला. परंतु गमावलेल्या ग्रंथांची यादी त्याने जपून ठेवली होती. इ. स. ६५४ मध्ये मगधाकडे परतणाऱ्या भिक्षूंबरोबर त्याने ती नालंदेच्या ज्ञानप्रभांकडे पाठविली आणि त्यांच्या प्रती पाठविण्याची विनंती केली.