ली: एका शब्दातली अनेक अंतरे

चिनी शिकणाऱ्याला अंतराचे शब्द पाठ करताना सुरुवातीलाच सांगतात की एक ली म्हणजे 500 मीटर. हे खरे आहे, पण 1929 पासून. त्या वर्षी चीनच्या राष्ट्रवादी सरकारने वजनमापांचा कायदा करून जुन्या मापांची मीटरशी सांगड घातली: एक चि, म्हणजे चिनी फूट, मीटरचा तिसरा हिस्सा, आणि 1500 चि म्हणजे एक ली. या बाजारी मापांना 'शि' हा बाजारवाचक उपसर्ग लागला, तर मीटर पद्धतीच्या मापांना 'गोंग', म्हणजे सार्वजनिक. म्हणून किलोमीटर आजही 'गोंग-ली' आहे आणि मैल 'यिंग-ली', इंग्रजांचा ली. शब्दांची ही यादी म्हणजे राज्यकारभाराचा इतिहास आहे, आणि ली शिकायचा तर काळासकट शिकायला हवा.

यावर कुणी म्हणेल, छिन साम्राज्याने इसवी सनपूर्व 221 मध्येच मापे एक केली होती, मग गोंधळ कसला? छिन काळी सहा चि म्हणजे एक पाऊल आणि 300 पावले म्हणजे एक ली. पुढे थांग राजवटीत पाच चि म्हणजे एक पाऊल आणि 360 पावले म्हणजे एक ली. गुणाकार दोन्हीकडे 1800 चि असाच येतो. पण खुद्द चिच वाढत गेला: छिन काळी सुमारे 23 सेंटिमीटर, तर बऱ्याच नंतरच्या छिंग राजवटीत 32. त्यामुळे ली सुमारे 415 मीटरवरून 576 पर्यंत लांबला. मग राजवटीनुसार कोष्टक करून भागेल का? तेवढ्यानेही भागत नाही. डोंगराळ मुलखात चढणीची वाट उतरणीपेक्षा जास्त ली सांगितली जाई, असे 19व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी नोंदवले आहे. म्हणजे ओझेवाल्याच्या तोंडचा ली कष्टही मोजत होता. हे अडाणीपण मुळीच नव्हे. चालणाऱ्याला तीच माहिती हवी असते.

आपल्याकडे हा प्रश्न थेट येतो. 7व्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने या प्रदेशाचा घेर 6000 लींहून अधिक सांगितला. थांग काळात चि धाकटा आणि थोरला असा दुहेरी होता; धाकट्याने हा घेर सुमारे 2650 किलोमीटर भरतो, थोरल्याने 3200च्या आसपास. योजन या भारतीय अंतरमापाबद्दल तर त्याने स्वतःच तीन हिशेब दिले आहेत: जुन्या परंपरेप्रमाणे 40 ली, भारतातल्या चालीप्रमाणे 30 आणि बौद्ध ग्रंथांप्रमाणे 16.