तीन टोकांचं इंजिन आणि त्याचे लाड

परवा रात्री प्रॉडक्शनवर बिल्ड टाकून आम्ही सगळे "आता काही फुटू नये रे बाबा" म्हणत बसलो होतो, तेव्हा मला एनएसयू आठवली. म्हणजे जर्मनीतल्या नेकारसुल्मची मोटार कंपनी.

फेलिक्स वांकेलचं रोटरी इंजिन तिथे १९५७ साली पहिल्यांदा चाललं. ना पिस्टन, ना व्हॉल्व्ह. एक फुगीर त्रिकोणी रोटर आत गरगर फिरतो, बस्स! पण गोम होती त्या तीन टोकांत. तिथे बारीक पट्ट्या असतात, अपेक्स सील. त्यांनी भिंतीला घासत गॅस अडवून धरायचा. सील झिजलं की कॉम्प्रेशन गेलं, खेळ खल्लास.

१९६७ मध्ये एनएसयूने आरओ ८० आणली. १९६८ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' तीच! पण सीलं भराभर झिजायला लागली आणि कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलत बसली. दोन आरओ ८० वाले रस्त्यात भेटले की बोटं वर करून कितवं इंजिन ते सांगायचे, असा किस्सा आहे. आपल्याला हसू येतं, पण कंपनीचं कंबरडं मोडलं. १९६९ मध्ये ती फोक्सवागनच्या ताब्यात गेली.

हाच बग हिरोशिमात माझदालाही भेटला होता. केनिची यामामोटोंच्या ४७ जणांच्या टीमने भिंतीवरच्या ओरखड्यांना नावच ठेवलं, सैतानाच्या नखांचे ओरखडे. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील करून मगच त्यांनी १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट विकायला काढली. १९९१ मध्ये माझदाच्या ७८७बी ने ल मान्सची शर्यतही मारली.

तरी रोटरीचे लाड सुटत नाहीत. खोलून पुन्हा बांधलेलं इंजिन असेल तर पहिले हजार-दीड हजार किलोमीटर हलक्या पायाने चालवायचं. ते थोडं ऑइल जाळतंच, सीलना वंगण म्हणून मुद्दाम. तेव्हा पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची. थंड असताना सुरू करून लगेच बंद करायचं नाही, प्लग पेट्रोलने भिजतात. आणि तापू तर अजिबात द्यायचं नाही, पाण्याची सीलं जातात.

दोघांनी एकाच वर्षी गाड्या आणल्या. एकाने बग लॅबमध्ये पकडला, दुसऱ्याचा गिऱ्हाइकाने.

सोमवारी मॅनेजरकडे टेस्टिंगला आणखी एक आठवडा मागणार आहे. मिळेलच असं नाही. असो.